मालिशवाल्याने नाकारलेला खेळाडू

परवा कचेरीत डबा खाता खाता वाद निघाला. आमचे एक सहकारी म्हणाले, "बाकी कुठेही असेल, पण खेळात भेदभाव नसतो. तिथे फक्त गुण चालतात." आम्ही गप्प बसलो, कारण डब्याची सुट्टी अर्ध्या तासाची आणि उत्तर लांबलचक. ते उत्तर आज वाचकांपुढे मांडीत आहोत. मात्र त्यासाठी थेट ऑस्ट्रेलियाला जावे लागेल.

त्या देशात फुटबॉलचा एक स्वतंत्र प्रकार आहे. १८५९ साली मेलबर्न शहरात त्याचे पहिले नियम लिहिले गेले. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू हाताने झेलता येतो, पायाने मारता येतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. (जमाखर्चात जन्म गेलेल्या आमच्यासारख्याला ही पद्धत पटते. थोडक्यात हुकलेल्याच्या खात्यावरही काहीतरी जमा होते.)

या खेळात नाव काढलेले डग निकोल्स हे तिथल्या मूळनिवासींपैकी, योर्टा योर्टा जमातीचे. जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यू साउथ वेल्स प्रांतात मरे नदीच्या काठी कमरागुंजा येथे. ही सरकारने मूळनिवासींसाठी राखलेली वस्ती. कारभार 'संरक्षण मंडळा'चा. नाव संरक्षणाचे, काम पहाऱ्याचे. डग आठ वर्षांचे असताना पोलीस आले आणि त्यांची सोळा वर्षांची बहीण हिल्डा हिला घरातून उचलून मुलींच्या प्रशिक्षणगृहात घेऊन गेले. गोऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून राबायला तयार करण्यासाठी अशा कितीतरी मुली नेल्या जात. आईबापांना विचारण्याची पद्धत नव्हती.

वस्तीच्या शाळेत एक गुरुजी होते, थॉमस शॅड्रॅक जेम्स. हे मॉरिशसमध्ये भारतीय कुटुंबात जन्मलेले. त्यांनी मूळनिवासी मुलीशी लग्न केले आणि आयुष्य या शाळेला दिले. पुढे चळवळीत उतरलेले अनेक पुढारी त्यांच्याच हाताखालून गेले. डगही त्यांचेच विद्यार्थी. त्या दूरदेशीच्या लढवय्यांना अक्षरे गिरवायला शिकविणारा मास्तर भारतीय रक्ताचा होता, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ तसेच बसलो होतो.

तेराव्या वर्षी शाळा संपली. लोकर कातरताना मेंढीला जखम झाली की तिच्यावर डांबर लावायचे, हे या पोराचे काम. फावल्या वेळात फुटबॉल. उंची पाच फूट दोन इंच, पण पाय असे की पाठलाग करणारा मागेच राहावा. १९२७ च्या सुमारास ते मेलबर्नच्या कार्लटन या मोठ्या क्लबात सरावाला गेले. काही आठवड्यांतच बाहेर पडावे लागले. सोबतचे खेळाडू म्हणाले, याच्या अंगाला वास येतो. आणि क्लबाच्या मालिशवाल्याने काळ्या अंगाला हात लावायला नकार दिला.

वाचकहो, याचा अर्थ आपल्या घरांत कुणाला समजावून सांगावा लागेल काय? चेंडू एकच, तो सगळ्यांच्या हातांतून फिरतो. अंग मात्र शिवायचे नाही!

डग गावी परतले नाहीत. ते नॉर्थकोट या धाकट्या संघटनेतल्या क्लबाकडे गेले, आणि १९२९ साली त्या क्लबाने विजेतेपद मिळवले. बक्षिसाच्या धावण्याच्या शर्यतीही त्यांनी जिंकल्या. मंदीच्या काळात गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या मुष्टियुद्धाच्या खेळात ठोसे खाऊन पोट भरले. १९३२ मध्ये फिट्झरॉय या मोठ्या क्लबाने त्यांना घेतले. तिथेही पहिल्या दिवशी ते कपडे बदलण्याच्या खोलीत एका कोपऱ्यात एकटेच बसले होते. तेव्हा हेडन बंटन हा त्या काळचा सर्वांत गाजलेला गोरा खेळाडू उठून त्यांच्या शेजारी येऊन बसला, अशी हकीकत सांगतात. हे छोटे काम नव्हे. फिट्झरॉयसाठी डग ५४ सामने खेळले. १९३५ मध्ये व्हिक्टोरिया प्रांताच्या संघात निवडले गेलेले ते पहिले मूळनिवासी खेळाडू ठरले.

आमचे सहकारी म्हणतील, बघा, गुण दिसले, निवड झाली, प्रश्न मिटला. मिटला कुठे? शनिवारी मैदानावर लोक टाळ्या वाजवीत, आणि तिकडे वस्तीवर त्यांची नात्यागोत्याची माणसे व्यवस्थापकाच्या हुकमाखाली जगत. डग यांना हे टोचत होते. नात्यातले वडीलधारे विल्यम कूपर चळवळ चालवीत होते, त्यांनी डगनाही ओढून घेतले. इंग्रज उतरल्याला १५० वर्षे झाली म्हणून २६ जानेवारी १९३८ ला देशभर उत्सव होता. त्याच दिवशी सिडनीत मूळनिवासींनी शोकदिन पाळला. त्यात डग सामील होते. पुढल्या वर्षी ४ फेब्रुवारीला कमरागुंजाची माणसे जुलमाला कंटाळून वस्ती सोडून नदीपलीकडे निघून गेली. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे डग यांचा खेळही त्याच सुमारास संपला.

युद्धात त्यांना सैन्यात बोलावणे आले. पण फिट्झरॉयच्या पोलिसांनीच मागणी केली की तिथल्या मूळनिवासी वस्तीत समाजकार्यासाठी हा माणूस हवा. १९४२ मध्ये त्यांना सोडण्यात आले. ते धर्मोपदेशक झाले, दारू-जुगाराने पोखरलेल्या गल्ल्यांतून फिरले. त्याच वर्षी त्यांनी भावाच्या विधवा पत्नीशी, ग्लॅडिस यांच्याशी, तिच्या मुलांसह संसार मांडला. शहरात आलेल्या मूळनिवासी मुलींसाठी वसतिगृह चालविण्यात या बाईंचा मोठा वाटा होता.

१९६७ च्या सार्वमतासाठी डग झटले. मूळनिवासींना जनगणनेत मोजावे आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला मिळावा, असा तो प्रश्न होता. शंभरात नव्वदहून अधिक मते बाजूने पडली. पुढे तरुण कार्यकर्त्यांना म्हाताऱ्याची वाट फार मवाळ वाटू लागली. सरकारी मानसन्मान घेतो म्हणून टीकाही झाली. चळवळीत हे भांडण कुठे नसते? आमचे मत विचाराल तर, मालिशवाल्याचा नकार पचवलेल्या माणसाला 'सर' म्हणायला लावणे हाही एक टोला होता. १९७२ मध्ये ही पदवी मिळालेले ते पहिले मूळनिवासी. १ डिसेंबर १९७६ ला ते साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. प्रकृतीने साथ दिली नाही, पाच महिन्यांत राजीनामा द्यावा लागला.

४ जून १९८८ रोजी ते वारले. दफन कमरागुंजाला झाले.

२०१६ पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या दरवर्षीच्या सामन्यांतील एक फेरी सर डग निकोल्स यांच्या नावाने खेळली जाते. त्याच्या आदल्याच वर्षी ॲडम गुड्स हा नामांकित मूळनिवासी खेळाडू प्रेक्षकांच्या सततच्या हुर्योला कंटाळून मैदान सोडून गेला होता. लीगने त्याची माफी मागितली ती २०१९ मध्ये. हे कात्रण आम्ही सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहोत.

मेलबर्नच्या पार्लमेंट गार्डन्समध्ये डग आणि ग्लॅडिस यांचा जोडीने उभा पुतळा आहे.