जामीन, गरिबी आणि पुरावा

न्यायालयाच्या दारी गरीब व श्रीमंत समान, हे तत्त्व कोणीही नाकारीत नाही. परंतु तत्त्व मान्य करणे वेगळे आणि ते व्यवहारात उतरते की नाही, हे तपासणे वेगळे. जामिनाच्या प्रश्नात हा फरक ठळकपणे दिसतो.

१९६१ मध्ये न्यूयॉर्क येथे व्हेरा फाउंडेशनने एक साधा प्रयोग केला. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अटकेतील आरोपींची नोकरी, कुटुंब, वास्तव्य आणि पूर्वीचे गुन्हे यांची माहिती घेऊन पडताळली. सुटकेस योग्य ठरलेल्यांचे दोन गट केले. एका गटाविषयीची शिफारस न्यायाधीशापुढे ठेवली. दुसऱ्याची हेतुपुरस्सर रोखली. पहिल्या गटातील शेकडा सुमारे ६० जण केवळ वचनावर सुटले, दुसऱ्यातील २० सुद्धा नाहीत. पुढील तीन वर्षांत सुटलेल्या सुमारे साडेतीन हजारांपैकी तारखेस न आलेले शेकडा दोनही नव्हते. पैसा हीच हजेरीची हमी, हा समज या आकड्यांनी खोटा ठरविला. १९६६ चा अमेरिकेचा जामीन सुधारणा कायदा याच पुराव्याच्या आधारावर उभा राहिला.

आपल्याकडे विचारांची उणीव नव्हती. १९७८ मध्ये मोतीराम खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी एका गवंड्याकडे मागितलेल्या दहा हजारांच्या जामिनावर कोरडे ओढले. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात न्या. भगवती यांनी न्यूयॉर्कच्या त्याच प्रयोगाचा दाखला दिला. तरीही २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे शेकडा सुमारे ७६, कच्चे कैदी होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने, जन्मठेप वा फाशीचे गुन्हे वगळता, प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढल्यास त्याच्या सुटकेची तरतूद केली. तरतूद स्वागतार्ह आहे. पण कलम छापल्याने तुरुंगाचे दार उघडत नाही. जामीन मंजूर होऊनही हमीदाराअभावी किती जण आत राहिले, सुटलेल्यांपैकी किती तारखेस आले, याची न्यायालयनिहाय नोंद नियमित प्रसिद्ध झाली पाहिजे.

न्यूयॉर्कचे निकष येथे जसेच्या तसे चालणार नाहीत. कायम नोकरी व घर या कसोटीवर ऊसतोडणी मजूर नापासच ठरेल. म्हणूनच प्रयोग येथे, येथील माणसांवर व्हावा. आकडे न्याय देत नाहीत हे खरे; परंतु अन्याय कोठे होतो, हे ते दाखवितात. तेवढेही पाहण्याची तयारी नसेल, तर समानतेचे तत्त्व संविधानाच्या पानावरच राहील.