हातभर दोरीपुरती जागा

बागेत, कट्ट्यावर, कॉलेजच्या फाटकाबाहेर यो-योचा सराव करणाऱ्या मुलांना हुसकून लावणं आता थांबलं पाहिजे. पाणी, खड्डे, कचरा असे प्रश्न समोर असताना हा काय विषय काढला, असं काहींना वाटेल. पण या सदराचा विषयच शहरातली मोकळी जागा आहे, आणि ती जागा कुणाची आहे हे नकाशावरून कळत नाही. तिथे निवांत उभं राहायची मुभा कुणाला आहे, यावरून ते कळतं. सकाळी चालायला येणाऱ्यांना कुणी हटकत नाही. बाकावर पेपर वाचत बसलेल्यांनाही नाही. विशीतला एखादा पोरगा मात्र झाडाखाली उभा राहून दोरीवरची चकती वरखाली करू लागला की थोड्याच वेळात शिट्टी वाजते. ‘ए, इथे खेळायचं नाही.’ का नाही, ते रखवालदाराला ठाऊक नसतं. पाटीवर ‘खेळण्यास मनाई आहे’ इतकंच लिहिलेलं असतं आणि वरून त्यालाही तेवढंच सांगितलेलं असतं.

घरी का नाही करत, असं विचारणाऱ्यांनी घरं आठवून पाहावीत. मुंबईत पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये हजारो कुटुंबं २६९ चौरस फुटांत राहतात. वर पंखा, भिंतीला टीव्ही, कोपऱ्यात अभ्यासाला बसलेली बहीण. तिथे धातूचा यो-यो फेकायचा कुठे? बाहेर यावं, तर शहरात मोकळी जागा माणशी दोन चौरस मीटरसुद्धा वाट्याला येत नाही. मुलं अशा वेळी जो छंद निवडतात त्यातही शहाणपण असतं. क्रिकेटला मैदान लागतं, स्केटिंगला गुळगुळीत फरशी लागते. यो-योचं बहुतेक काम छाती ते गुडघा एवढ्या पट्ट्यात, दोन कोपरांच्या मधे चालतं. आवाज नाही, चेंडू कुणाच्या खिडकीत जात नाही, बाकी कुणाची जागा अडत नाही.

ज्यांनी यो-यो फक्त जत्रेत पाहिला आहे, त्यांना आजचा यो-यो ओळखू येणार नाही. ॲल्युमिनियमचा, साधारण ६५ ग्रॅम वजनाचा, बहुतेक वजन कडेला आणि मधे बॉल बेअरिंग. दोरी बेअरिंगभोवती सैल असते, त्यामुळे खाली फेकला की तो तिथेच दोन-तीन मिनिटं गरगरत राहतो. नुसत्या हिसक्याने वर येत नाही. दोरीचा दुपदरी फास त्याच्या फटीत सरकवून त्याला परत बोलवावं लागतं. मुलं याला ‘बाइंड’ म्हणतात आणि पहिले काही आठवडे याच एका गोष्टीत जातात. दोरीही ज्याची त्याची वेगळी. यो-यो पायाशी टेकवायचा, दोरी सरळ वर धरायची आणि बेंबीपाशी कापून गाठ मारायची.

शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ एका संध्याकाळी असा एक मुलगा पाहिला. मधल्या बोटात फास, तळहात वर, मग दंडापासून सोडलेला थ्रो. यो-यो खाली गरगरू लागला की डाव्या हाताची तर्जनी दोरीत घालून तो त्याला बाजूने वर झुलवायचा आणि पुन्हा त्याच ताणलेल्या दोरीवर उतरवायचा प्रयत्न करायचा. दोरीची रुंदी ती किती! तिच्यावर फिरती चकती नेमकी बसली पाहिजे. बहुतेक वेळा ती दोरीला चाटून बाजूला जायची आणि बोटाच्या पेरावर आपटायची. मग गुंता. दिव्याखाली उकिडवा बसून तो नखाने गाठ सोडवायचा, दोरी कुठे विरली आहे का ते बोटांनी चाचपायचा, उठून पुन्हा थ्रो. शेंगदाणेवाल्याचा मुलगा टोपली सोडून अगदी जवळ आला होता. ‘थोडा मागे हो रे, लागेल,’ हा म्हणाला. पोरगं दोन पावलं मागे सरकलं. ‘दादा, परत कर ना तेच.’ ‘अरे, तेच तर जमत नाहीये अजून.’ कट्ट्यावरच्या एका आजोबांनी दोरी बोटांत धरून पाहिली. ‘सुताची नाही वाटतं?’ ‘पॉलिएस्टरची आहे, आजोबा. सुताची लवकर तुटते.’ मग आजोबांनी भोवऱ्याचा विषय काढला. जाळी किती घट्ट गुंडाळायची, आर बोथट असली तर भोवरा हातावर कसा घेता येतो, सगळं हातवारे करून. तीन पिढ्या एका दोरीभोवती उभ्या होत्या आणि त्यांतले कोणतेही दोघे एकमेकांच्या ओळखीचे नव्हते. आपल्या शहरात हे सहसा कुठे घडतं? लग्नसमारंभात घडत नाही, मॉलमध्ये तर नाहीच.

उघड्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत खेळणं ही या खेळण्याला नंतर लागलेली सवय नाही. सूरदासांच्या एका प्रसिद्ध पदात कृष्ण ब्रजच्या गल्लीत खेळायला निघतो तेव्हा त्याच्या हातात भोवरा आणि चकडोरी आहे. चकडोरी म्हणजे दोरीवर फिरणारी चकती, आजच्या यो-योची सख्खी बहीण. आणि तसाच खेळत तो यमुनेच्या काठी पोचतो, तिथे त्याला राधा पहिल्यांदा दिसते. तो यशोदेच्या अंगणात खेळत बसला असता तर ते पद तिथेच थांबलं असतं.

पण या बाबतीत मला सगळ्यात मोलाची वाटते ती अमेरिकेतली हकीकत. पेद्रो फ्लोरेस हा फिलिपिन्समधून तिथे गेलेला माणूस. हॉटेलात बेलबॉयचं काम केलेला. १९२८ साली त्याने कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे यो-यो बनवायला सुरुवात केली. त्याच्या यो-योची दोरी आसाला गाठ मारून बांधलेली नव्हती, नुसती वेढा घालून अडकवलेली होती. तेवढ्या फरकामुळे यो-यो खाली गेल्यावर तिथेच फिरत राहू लागला आणि ट्रिक नावाची गोष्ट शक्य झाली. पण हे दुकानाच्या काचेमागे ठेवून कुणाला कळणार? फिरताना पाहिल्याशिवाय त्यातली गंमत दिसत नाही. म्हणून प्रात्यक्षिकं रस्त्यावर सुरू झाली. पुढे डोनाल्ड डंकन या उद्योजकाने फ्लोरेसचा धंदा विकत घेतला आणि गावोगाव माणसं पाठवली, त्यांत बरेच फिलिपिनो तरुण होते. शाळेजवळच्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानाबाहेर, फुटपाथवर ते उभे राहायचे, मुलांना एकेक ट्रिक दाखवायचे, स्पर्धा घ्यायचे. ज्याने यो-यो घेतला त्याच्या लाकडी यो-योवर खिशातल्या चाकूने नारळाचं झाड, पक्षी, त्या मुलाचं नाव कोरून द्यायचे. आज म्हातारी झालेली अमेरिकन माणसं ते कोरीव यो-यो जपून ठेवतात.

आता याच काळातली दुसरी बाजू पाहा. १९३०च्या जानेवारीत त्याच कॅलिफोर्नियात, वॉटसनव्हिल इथे गोऱ्यांच्या जमावाने फिलिपिनो शेतमजुरांवर कित्येक दिवस हल्ले केले. एका तरुण मजुराचा गोळी लागून जीव गेला. १९३४मध्ये कायदा आला आणि फिलिपिन्समधून वर्षाला अवघ्या ५० माणसांना अमेरिकेत यायची परवानगी उरली. ज्या देशात या माणसांचं असणंच नकोसं झालं होतं, त्याच देशात हजारो गोरी मुलं फुटपाथवर फिलिपिनो तरुणाभोवती कोंडाळं करून, ‘आम्हालाही शिकव’ म्हणून उभी होती. त्यामुळे द्वेष संपला असं मी म्हणणार नाही, तो संपला नाही. तरीही त्यांतल्या कित्येक मुलांच्या आयुष्यात आलेला पहिला फिलिपिनो माणूस ‘गुरू’ म्हणून आला. ही किमया जाहिरातीची नव्हती. कौशल्य असलेला परका माणूस आणि थांबून पाहायची मोकळीक असलेलं मूल, दोघं एकाच फुटपाथवर आले म्हणून ती घडली.

म्हणून मला सार्वजनिक ठिकाणचा सराव हा खासगी छंदाचा सांडलेला भाग वाटत नाही. सराव दिसला पाहिजे. मोबाइलवर जी ट्रिक आपण पाहतो ती शंभर वेळा फसून एकदा जमलेली असते, आणि फसलेल्या शंभर कुणी दाखवत नाही. आपल्या मुलांना यश पुष्कळ दिसतं, पण यशाकडे जाणारी वाट दिसत नाही. कट्ट्यावरचा तो मुलगा न लाजता चुकत होता, हे त्या शेंगदाणेवाल्याच्या पोराने पाहिलं. त्याच्यासाठी ते शाळेतल्या कुठल्याही तासाइतकंच मोलाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. ‘ब्लॅक’ या नावाने जगभर ओळखला जाणारा जपानी कलावंत २०१३च्या टेड व्याख्यानात म्हणाला होता की चौदाव्या वर्षी त्याला स्वतःबद्दल जराही विश्वास नव्हता, आणि तेव्हा त्याने एक यो-यो विकत घेतला. पुढे तो जगज्जेता झाला आणि ‘सर्क दु सोले’ या सर्कशीपर्यंत पोचला. सगळे तिथवर जाणार नाहीत, जायची गरजही नाही. आपल्याला एखादी गोष्ट येते हे चारचौघांत कळणं, एवढंही चौदा वर्षांच्या मुलाला पुरतं.

आणि उघड्यावर सराव करणं आपल्याला कुठे नवं आहे? शिवाजी पार्कात मुलं-मुली मल्लखांबावर चढतात, येणारे-जाणारे थांबून पाहतात. दहीहंडीच्या आधी गिरगाव-लालबागच्या गल्ल्यांत रात्री थर लागतात. पुण्यात गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव आठवडेच्या आठवडे चालतो. त्या आवाजाबद्दल तक्रारी होतात, त्या रास्तही असतात, पण सरावच करू नका असं कुणी म्हणत नाही. कारण त्यामागे मंडळ असतं, परंपरा असते, उत्सव असतो. यो-योवाल्या मुलामागे कुणी नसतं. त्याचा खेळ ‘टाइमपास’ ठरतो आणि तो स्वतः संशयित.

काही ठिकाणी हा सराव नकोच, हेही तेवढंच स्पष्ट सांगायला हवं. रेल्वेचा पादचारी पूल, जिना, फलाटाची कडा, लोकलचा दरवाजा इथे यो-यो खिशाबाहेर काढू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. ज्या शहराने ते पाहिलं, तिथे पुलावर कुणी क्षणभरही वाट अडवता कामा नये. धातूचा यो-यो वेगात असताना दोरी तुटली तर समोरच्याचा दात पाडू शकतो, म्हणून पाठीशी भिंत किंवा झाड हवं, समोर लहान मूल नको, आणि विरलेली दोरी वेळेवर बदललीच पाहिजे. ‘अराउंड द वर्ल्ड’सारखी हात लांब करून गोल फिरवायची ट्रिक गर्दीत करूच नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१मध्ये रस्त्यात अडथळा करणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. अडथळा होत असेल तर हटकावं. होत नसेल तर हटकण्याचं कारण उरत नाही.

एका गोष्टीने मात्र मी अस्वस्थ होतो. इथवर ‘मुलगा, मुलगा’ असंच लिहीत आलो, कारण दिसतात ते मुलगेच. १७७०च्या सुमारास राजस्थानात काढलेल्या एका लघुचित्रात यो-यो खेळणारी बाई आहे. आज आपल्या बागेत एखादी मुलगी एकटी उभी राहून तासभर यो-योचा सराव करते आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. तिच्याभोवती किती जण जमतील, किती मोबाइल वर होतील, कितव्या मिनिटाला कुणी ‘घरी जा’ म्हणेल? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ या २०११च्या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलं होतं : बाईला सार्वजनिक जागेत असण्यासाठी सतत काहीतरी काम दाखवावं लागतं, नुसतं तिथे असायचा तिचा हक्क कुणी मानत नाही. सरावाची मुभा द्यायची तर ती तिलाही मिळाली पाहिजे. नाहीतर आपण मुलग्यांसाठी आणखी एक कोपरा राखून ठेवला, इतकंच होईल.

महापालिकांच्या उद्यान विभागांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. ‘खेळण्यास मनाई’ ही सरसकट पाटी काढा. कोणत्या कोपऱ्यात चेंडू नको आणि का नको, ते नेमकं लिहा. आणि जी उद्यानं दुपारी कुलूपबंद असतात ती उघडी ठेवा, कारण दुपारी सुटणाऱ्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांना तोच वेळ मोकळा असतो. यातल्या कशालाही निविदा काढावी लागत नाही.

वाचकांनाही एक विनंती. असं कुणी सराव करताना दिसलं तर चार पावलं लांब थांबून पाहा. व्हिडिओ काढायचा असेल तर आधी विचारा, मुलगी असेल तर नक्की विचारा, आणि ती नको म्हणाली तर फोन खिशात ठेवा. रखवालदार शिट्टी वाजवत आलाच, तर त्याला सांगा, ‘राहू द्या, आम्हाला काही त्रास नाही.’