उटण्यातला नागरमोथा आणि अत्तरातला नागरमोथा

दिवाळी जवळ आली की ग्रुपवर उटण्याच्या आठवणी निघतात. यंदा माझीही एक, पण जरा भांडणाची.

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी दसरा झाला की आजी दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातात चिठ्ठी द्यायची. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, सुकी गुलाबपाकळी. दादा सायकलवर सियागंजात जायचे आणि पंसाऱ्याकडून पुड्या बांधून आणायचे. सगळ्यांत गबाळा दिसायचा तो नागरमोथा. काळपट, गाठीगाठींचा, केसाळ. पण आई खलबत्त्यात कुटायला बसली की ओसरीभर वास सुटायचा. पावसाळा संपताना जंगलात पायाने पालापाचोळा सारला की खालच्या मातीचा येतो, अगदी तोच. माझ्यासाठी दिवाळी म्हणजे तो वास. फटाके नंतर.

गेल्या वर्षी आम्हीही उटण्याचं तयार पाकीट आणलं. नरक चतुर्दशीला पहाटे फोडलं तर नुसती पांढरी माती आणि वर साबणासारखा वास. पाकिटावर एकच मोघम शब्द: ‘सुगंध’. गंमत पुढेच आहे. त्याच दिवाळीत भाचा दुबईहून आला, ऊदचं भारी अत्तर घेऊन. मनगटाला लावलं आणि थबकलो. खाली कुठेतरी आईचा खलबत्ता! भाच्याने मोबाइलवर घटक शोधले, त्यात होतं ‘सिप्रिओल’. सिप्रिओल म्हणजे नागरमोथ्याचंच तेल.

हा लव्हाळ्याच्या कुळातला. आपल्या मध्य प्रदेशात नदीनाल्यांच्या काठी, ओलसर जागी उगवतो. गावातली माणसं कंद खणून काढतात, वाळवतात आणि त्यांतून वाफेवर तेल निघतं. वास मातकट, लाकडी, किंचित धुरकट. खरा ऊद महागडा, म्हणून त्याचा भास उभा करायला जगभरचे अत्तरवाले हे तेल सर्रास वापरतात. ओल्या मातीचा जो खरा वास, तो जमिनीतल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या जिओस्मिनचा. त्याला 1965 मध्ये हे नाव मिळालं. तेही अत्तरात घालतात, पण अगदी कणभर, कारण आपलं नाक ते पाण्यात लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असलं तरी ओळखतं. जास्त झालं की तळघराचा कुबट वास येतो. नागरमोथा मात्र सढळ हाताने घालता येतो आणि अंगावर टिकतो.

माझं म्हणणं एवढंच की ज्या वासासाठी परदेशी बाटलीला आपण हजारो रुपये मोजतो, तोच वास आपण घरातल्या न्हाणीतून हाकलला. आणि वर पांढऱ्या मातीच्या पाकिटाला ‘पारंपरिक’ म्हणतो.

आता कोणी म्हणेल, कुटत बसायला वेळ कोणाला आहे? बरोबर आहे. आमच्याकडे आई, आत्या आणि काकूंचे हात भरून यायचे आणि आम्ही पुरुष मंडळी पाटावर आयते बसायचो. ते दिवस परत आणा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण आता चक्कीवर दळून मिळतं, चार घरांनी मिळून दळलं तर काम अर्ध्या तासाचं. दळून आणायचं काम पुरुषांनी करावं, म्हणजे हिशेब थोडा तरी फिटेल.

दुसरं, घेताना दुकानदाराला विचारा, यात नागरमोथा किती? विचारणारे वाढले तर पाकिटवालेही घालतील. आणि भावात घासाघीस करू नका. चिखलात उभं राहून कंद खणणाऱ्याला चार पैसे मिळाले तर तो थोडे कंद जमिनीत राखेल आणि ते पुन्हा फुटतील. ओरबाडलं तर वासही जाईल आणि त्याची रोजीही.

मी यंदा सियागंजातून पाव किलो आणलाय. खलबत्ता माळ्यावरून काढला, आधी थोडा स्वतः कुटून पाहिला. दंड दुखले, पण नातीने विचारलं, “आजोबा, घरात पाऊस पडला का?”

तुमच्या ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबादकडच्या उटण्यात काय काय पडायचं? यादी अवश्य लिहा.