हमालाने काम केले नाही?

तिरोडा हा धानाचा मुलूख. हंगामात येथील राईस मिलसमोर ट्रक उभे राहतात आणि हमाल पाठीवर पोती घेऊन सपाट अंगणातून ये-जा करीत असतात. आता नववीच्या विज्ञानातील ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ आठवा. बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. हमालाचे बल पोत्याला वर पेलून धरते, चालणे मात्र आडवे. दोहोंत काटकोन; म्हणून गुरुत्वाविरुद्ध झालेले कार्य शून्य.

गणित बिनचूक आहे. पण शिक्षक घाईत बोलून जातात, “म्हणजे हमालाने काम केलेच नाही!” आणि वर्ग हसतो. त्या वर्गात एखाद्या हमालाचा मुलगा बसला असेल तर त्याने काय समजावे? विज्ञान खोटे, की बापाचे कष्ट खोटे?

दोन्ही खरेच आहेत. चूक झाली ती ‘कार्य’ या पारिभाषिक शब्दाच्या जागी घरातला ‘काम’ हा शब्द गुपचूप सरकवण्यात. पन्नास किलोचे पोते जमिनीवरून दीड मीटर उचलले, तर पोत्यावर सुमारे 735 ज्यूल कार्य झाले. पुढे ते त्याच उंचीवर कितीही दूर नेले तरी या आकड्यात भर पडत नाही. हमालाच्या शरीराचा हिशेब मात्र निराळा आहे. भार पेलताना स्नायूंतील तंतू अखंड राबत असतात. त्यात अन्नातून मिळालेली रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता बनते. घाम येतो तो त्यामुळे.

एका शब्दाला अनेक अर्थ असणे हा भाषेचा दोष नव्हे. स्पॅनिश भाषेत ‘तिएम्पो’ म्हणजे वेळ आणि ‘तिएम्पो’ म्हणजेच हवामान. पण पावसाविषयी बोलणे चालले असता तेथे कोणी घड्याळाकडे पाहत नाही. आपल्याकडे ‘मामा तलाव’ म्हटले तर पुण्याचा पाहुणा विचारील, कोणाचे मामा? भंडारा-गोंदियाकडे मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. 1950 सालच्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तिच्या तलावांना ‘माजी’ हा शब्द चिकटला. पुढे दोन शब्दांची आद्याक्षरे तेवढी बोलण्यात राहिली. तसेच ‘काका पेशीला गेले’ असे ऐकून कोणी सूक्ष्मदर्शक शोधीत नाही, कोर्टाची तारीख असेल हे कळते. शेजारचे शब्द अर्थ ठरवून देतात.

घोटाळा होतो तो शेजारचे शब्द मदतीला येत नाहीत तेव्हा. ‘वीज’ हा शब्द पाहा. तिरोड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता 3300 मेगावॉट; ही शक्ती, म्हणजे ऊर्जा पुरवण्याचा दर. घरच्या बिलावरील युनिट ही ऊर्जा. बोलताना दोहोंना आपण वीजच म्हणतो. त्यामुळे “रोज 3300 मेगावॉट तयार होते का?” असा प्रश्न चांगली शिकलेली माणसेही विचारतात. त्या प्रश्नाला अर्थच नाही. केंद्र पूर्ण क्षमतेने एक तास चालले तर 33 लाख युनिट ऊर्जा मिळेल, असे म्हणता येते. (रोवणीच्या दिवसांत बांधीवर कडाडते ती तिसरी वीज, तिची गोष्ट वेगळी.)

यावर काही जण सुचवितात की, विज्ञानासाठी सगळेच शब्द नवे घडवावेत. मला हे पटत नाही. ‘वस्तुमान’ हा शब्द ‘वजना’पासून वेगळा काढला हे उत्तम झाले, पण बल, शक्ती, दाब, धातू, मूळ असे सारेच शब्द बदलले तर मुले अर्थ सोडून केवळ घोकंपट्टी करतील. त्यापेक्षा शिक्षकांनी नवी संज्ञा आली की आधी मुलांना विचारावे, “घरी हा शब्द कशासाठी वापरता?” ते उत्तर फळ्यावर लिहावे, त्याच्या शेजारी विज्ञानातला अर्थ आणि त्याचे एकक लिहावे. आधीचे उत्तर पुसू नये. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही ‘हमालाने किती काम केले?’ असे न विचारता ‘पोत्यावर किती कार्य झाले?’ असे विचारावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, बाजारात भाजीवाली ‘वजन’ किलोग्रॅममध्ये सांगते, न्यूटनमध्ये नाही. तेथे तिला दुरुस्त करायला जाऊ नका.