हरिश्चंद्र इतका घाईने का चालतो?

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्याची म्हणून जी रिळे आज शिल्लक आहेत (ती १९१३ची की १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची, हा अभ्यासकांमधला वाद मिटलेला नाही) ती वर्गात दाखवली की मुले हसतात. राजा लुटुलुटु चालतो, अण्णा साळुंके यांची तारामती मान वळवते ती झटका बसल्यासारखी, ऋषींचा कोप म्हणजे नुसता हातवाऱ्यांचा गोंधळ. या हसण्यातून 'आरंभीचा सिनेमा बाळबोध होता' असा निष्कर्ष निघतो आणि यथावकाश उत्तरपत्रिकेतही उतरतो.

फाळक्यांची माणसे मात्र मुळात इतकी घाईत नव्हती. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवला जाई. सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी टिपल्या जात. बोलपटाबरोबर २४ हा दर स्थिरावला, आणि आपल्याकडील दूरचित्रवाणीने, पुढे व्हीसीडी-डीव्हीडीने २५चा दर घेतला. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. हजार फुटांचे रीळ सेकंदाला १६च्या गतीने चालवले तर १६ मिनिटे ४० सेकंद पुरते. २५च्या गतीने ते १० मिनिटे ४० सेकंदांत संपते. एकही चौकट न गाळता सहा मिनिटे नाहीशी होतात. जी गेली ती अभिनयातील विरामांची, दृष्टिक्षेपांची, थांबण्याची मिनिटे होती.

बोलपटाच्या बाबतीत हा फरक लहान असतो आणि म्हणूनच फसवा. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५च्या साच्यात बसवताना बहुधा तो सरळ चार टक्के वेगाने पळवला जातो. १२५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांत आटोपतो. ध्वनी वेगळा सावरला नसेल तर स्वरही चढतो. पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये जेवढे अंतर असते त्याच्या सुमारे सत्तर टक्के इतका. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटातील विष्णुपंत पागनीसांचा आवाज अशा प्रतीवरून ऐकून त्यांच्या गायकीविषयी मत देणाऱ्याने ही गोष्ट निदान ठाऊक करून घ्यायला हवी. (याच चित्रपटातले शांताराम आठवले यांचे एक पद पुढे तुकारामबोवांचेच मानले गेले. पाठाची शंका या चित्रपटाच्या पाचवीलाच पुजलेली दिसते!)

तुकारामबोवांचा अभंग उद्धृत करताना आपण गाथा कोणती, हे विचारतो. मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ या काळात निघालेली, हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली गाथा आणि बाजारातली एखादी विनासंपादकाची गाथा यांना आपण एका पंक्तीत बसवत नाही. चित्रपटाच्या किंवा नाटकाच्या चित्रफितीसंबंधी मात्र आपला एकच प्रश्न असतो : 'अडकत तर नाही ना?' घरच्या टीव्हीवर, लॅपटॉपवर, मोबाइलवर सुरळीत चालेल असा फॉर्मॅट निवडणे हे आपण तंत्रज्ञाचे किंवा दुकानदाराचे काम समजतो. माझ्या मते ते संपादकाचे काम आहे.

'अडकणे' या एकाच शब्दाखाली आपण दोन अगदी भिन्न गोष्टी घालतो, हे या गोंधळाचे मूळ आहे. एक अडकणे यंत्राच्या दुबळेपणाचे. फाइल ज्या पद्धतीने आवळलेली असते ती जुन्या टीव्हीला उलगडता येत नाही, किंवा माहितीचा ओघ त्याला पेलवत नाही. हे खुशाल दुरुस्त करावे. एमपी४ फाइलमध्ये एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी ही जोडी आज जवळजवळ प्रत्येक घरगुती यंत्रावर चालते; २०१३ साली आलेल्या एच.२६५मध्ये जागा वाचते, पण जुनी यंत्रे तिथे धापा टाकतात. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर मावतच नाही. एवढे कळले की या विषयातला तांत्रिक भाग बव्हंशी संपतो.

दुसरे अडकणे कलाकृतीच्या आणि पडद्याच्या लयी न जुळल्याचे. सेकंदाला २४ चौकटींचे चित्र ६० वेळा उजळणाऱ्या पडद्यावर दाखवायचे तर एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा अशी वाटणी करावी लागते. कॅमेरा सावकाश फिरतो तेव्हा ही लंगडी चाल जाणवते. साधा उपाय असा की पडद्याचाच दर बदलावा : चित्रपटासाठी २४, आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या ध्वनिचित्रमुद्रणासाठी ५०. टीव्ही कंपन्यांचा उपाय निराळा आहे. दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या कल्पनेने तिसरी चौकट रचून घालतो आणि सगळे कसे लोण्यासारखे सरकू लागते. दोन ओव्यांच्या मध्ये एखाद्या लेखनिकाने पदरची ओवी घातली तर आपण तिला प्रक्षिप्त म्हणतो. ही चौकटही प्रक्षिप्तच. टीव्हीच्या मेनूमध्ये 'मोशन'च्या आसपासच्या नावाने ही सोय दडलेली असते. ती बंद करावी. व्हीसीडीचे चित्र 'फोर-के' करून देणाऱ्या सॉफ्टवेअरची जातकुळीही तीच. व्हीसीडीची चौकट ३५२ बाय २८८ ठिपक्यांची. संपूर्ण रंगमंच दिसत असताना नटाच्या चेहऱ्याच्या वाट्याला त्यातले मोजके ठिपके येतात. तिथे पापणी रेखीव दिसू लागली तर ती त्या नटाची नसते.

नाटकांची हानी याहून अधिक झाली आहे. साहित्य संघ मंदिरात किंवा शिवाजी मंदिरात पाहिलेले नाटक पुन्हा पाहायचे तर बहुतेकांना घरच्या चित्रफितीचाच आधार असतो. दूरचित्रवाणीच्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या प्रयोगात सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात, एकदा विषम ओळींची आणि एकदा सम ओळींची. रूपांतर करताना दोन-दोन अर्धचित्रे नुसती चिकटवली तर हलत्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. त्यांतले एक टाकून दिले तर हालचालीचा निम्मा तपशील जातो. बरोबर रीत म्हणजे प्रत्येक अर्धचित्राची पूर्ण चौकट करून ५०चा दर राखणे. रूपांतराच्या कामात हे सहसा कोणी विचारत नाही, कारण २५मध्ये फाइल लहान होते. शिवाय डीव्हीडीची ७२० बाय ५७६ची चौकट मुळात चारास तीन या प्रमाणात पसरवून पाहायची असते. ते न करता ठिपके जसेच्या तसे मांडले की सगळी पात्रे सहा टक्के सडपातळ होतात. उलट रुंद टीव्हीवर 'फुल' केले की तीच स्थूल दिसतात. कडेच्या काळ्या पट्ट्यांबद्दल तक्रार करणाऱ्यांना कवितेच्या बाजूचा कोरा समास चालतो, हे मला नेहमी नवलाचे वाटते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मूकपटाच्या काळी प्रक्षेपकही हातानेच फिरवला जाई, तेव्हा एकच एक 'खरी' गती कुठून आणणार? तशी गती नाहीच. पण पाठ अनिश्चित असला म्हणून संपादक हात झटकत नाही. तो एक पाठ स्वीकारतो आणि स्वीकारल्याचे सांगतो. वर्गात सेकंदाला १६ चौकटींची गती धरली असेल तर तसे सांगावे आणि तोच प्रसंग १८ने दाखवून मुलांना ठरवू द्यावे. त्यासाठी नवी फाइलही करावी लागत नाही. पळवलेली प्रत २५ची असेल तर व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये गती ०.६४ केली की १६ मिळते, ०.७२ केली की १८. मात्र काही प्रतींत चौकटी दुहेरी छापून गती आधीच सावरलेली असते. म्हणून प्रथम एकेक चौकट पुढे सरकवून पाहावी. प्रत्येक चौकट नवी निघाली, तरच गती कमी करावी.