देवमाशाचा कान

देवमाशाला बाहेरून दिसेल असा कान नसतो. तरी १५९८ साली हॉलंडच्या किनाऱ्याला, काटवाइकजवळ लागलेल्या देवमाशाच्या चित्रात तो आहे! गोल्टझियस या नामवंत चित्रकाराचे चित्र, त्याचा सावत्र मुलगा माथाम याने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले. वल्ह्यासारखा पर डोळ्याला इतका चिकटला आहे की तो गुराचा कानच वाटतो.

अशी चित्रे पाहून मुले हसतात. मला हसू येत नाही. आमच्या महाडला सावित्रीच्या पात्रात मगरी आहेत. काठावरून दिसते काय, तर नाकाचे टोक आणि दोन डोळे. बाकीची मगर आपण मनातच पुरी करतो. आपल्या शिल्पकारांनी तर तिला हत्तीची सोंड आणि माशाचे शेपूट लावून मकर केला, गंगेचे वाहन म्हणून देवळाच्या दाराशी बसवला. 'मगर' हा शब्दही त्या 'मकरा'चाच.

ड्यूररने १५१५ साली गेंडा काढला तो असाच. पोर्तुगीजांनी तो गेंडा गोव्याहून लिस्बनला नेला होता. ड्यूररने तो पाहिलाच नव्हता. वर्णन आणि कच्चे रेखाटन यांवर काम भागवले, पाठीवर एक शिंग जादा आले. १५२० च्या डिसेंबरात देवमासा पाहायला मात्र तो मुद्दाम झीलंडला गेला, तर पोचेपर्यंत समुद्राने तो परत नेलेला! बिचारा.

तेव्हा कल्पनेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती १६०१ च्या इटालियन चित्राबद्दल. अँकोनाला लागलेल्या देवमाशाचे ते चित्र, आणि त्यावर लिहिले आहे की प्रत्यक्ष पाहून हुबेहूब काढले. गॉम्ब्रिच या कला-इतिहासकाराने दाखवून दिले की ती डच चित्राची नक्कल आहे. कानही तसाच उतरला आहे. वर्गात कॉपी पकडायची आमची युक्ती हीच होती, नक्कल करणारा चुकासुद्धा इमानाने उतरवतो.

हे आज का लिहितो आहे? सावित्रीला पूर आला की मोबाईलवर मगरींचे फोटो फिरू लागतात. खाली ओळ असते, 'आत्ताच, आपल्या बाजारपेठेत.' पाण्यात उतरायचे की माडीवरच थांबायचे, हे माणसे त्यावर ठरवतात. म्हणून फोटो पाठवणाऱ्या पोलादपूर-महाडच्या भाचेमंडळींना मी पहिल्यांदा विचारतो, 'दादलीच्या पुलावरून काढलास का रे? किती वाजता?'