पायाची गाठ अंगावर काढू नका



उसात खोडकीड दिसली की आपण दुसऱ्या दिवशी गट ऑफिसला हजर होतो. स्वतःच्या पायाला गाठ आली तर मात्र "होईल बरी" म्हणत दोन-दोन हंगाम काढतो. शिवारात फिरताना आम्ही हे नेहमी बघतो, म्हणून आज लागणीऐवजी पायाविषयी चार शब्द.

प्रत्येक गाठ वाईट नसते. चप्पल घासून किंवा एकाच जागी भार येऊन कातडी कडक होते, ते कुरूप. चामखीळ विषाणूमुळे येते. तळव्यावरच्या चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि चिमटीत दाबली की ती जास्त दुखते. अंगठ्याचा सांधा रातोरात लाल होऊन सुजला, तर रक्तातले युरिक ॲसिड वाढलेले असू शकते.

आपल्या रानातली खरी भीती काट्याची आहे. बाभळीचा काटा मोडून आत राहिला की त्याभोवती गाठ धरते. त्याच वाटेने मातीतली बुरशी किंवा जंतू शिरले, तर 'मदुरा पाय' होतो. ही गाठ दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो. पुढे पाय सुजतो, छिद्रे पडतात, पुवाबरोबर काळे-पांढरे कण येतात. हाडापर्यंत गेले तर पाय कापायची पाळी येते. साताऱ्यात सिव्हिल सर्जन राहिलेल्या डॉ. कार्टर यांनी १८७४ साली या रोगावर ग्रंथ लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित रोगांच्या यादीत तो घेतला २०१६ साली! दुर्लक्ष कुणाचे होते? अनवाणी राबणाऱ्याचेच.

तळव्यावरचा काळा डाग पसरू लागला किंवा त्यातून रक्त आले, तर कर्करोगाची शंका घ्यावी. १९८७ पासून बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम सुरू झाले. तपासणीची सोय दाराशी असताना बिब्बा लावणे किंवा ब्लेडने कुरूप कापणे हा शहाणपणा नव्हे. मधुमेह असणाऱ्याने तर ब्लेडला हातच लावू नये.

आमचे स्पष्ट मत असे की, दारं धरताना आणि पाचटात फिरताना बूट हवाच. आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या टोळीच्या पायातही तो हवा. खताच्या पोत्याला पैसे मोजतो, मग बुटाला का नाही? निम्मा खर्च सभासदाने, निम्मा कारखान्याने सोसावा. वार्षिक सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा.

नारू आठवा. पाणी गाळून प्यायलो, पायविहिरींत उतरणे सोडले आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. ते गावांनी मनावर घेतले म्हणून झाले. आज रात्री पाय धुताना दोन्ही तळवे दिव्यापाशी धरून बघा. गाठ दिसली तर उद्याच दवाखाना गाठा. ऊस एक दिवस थांबेल.